मनातली मूर्ती फोडली की भांडण मिटतं का?

कोपरखैरणेकर
आईच्या पहिल्या पुण्यतिथीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होती. आम्ही दोघे भाऊ एकाच बाकावर, मध्ये माझी बायको. कम्युनियनच्या आधी फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. मी पुढच्यांना हात जोडले, मागच्यांना जोडले, पलीकडच्या अनोळखी आजींनाही जोडले. धाकट्याला सोडून.

भांडण वाशीतल्या सिडकोच्या वन-रूम-किचनवरून. आई शेवटची तीन वर्षं माझ्याकडे होती, तेव्हा मला जास्त मिळायला हवं, असं माझं म्हणणं. त्यासाठी निळी फाईल केली होती. डायपर, नेब्युलायझर, रिक्षा, सगळं तारीखवार. बिलांची शाई उडते म्हणून झेरॉक्ससकट. त्या दिवशी घरी येऊन ती काढली आणि लक्षात आलं, आईच्या फोटोपेक्षा मी हीच जास्त वेळा उघडतो.

बायबलमधल्या यहेज्केलच्या १४व्या अध्यायात इस्राएलचे काही वडील संदेष्ट्यासमोर येऊन बसतात, आणि देव त्याला सांगतो की यांनी मूर्ती आपल्या मनात बसवल्या आहेत. माझी मूर्ती घर नव्हती, पैसाही नव्हता. ‘मी केलं’ ही होती. पापनिवेदनाला गेलो, मग भावाला फोन लावला. माझं मत एवढंच: नातं तुटायला आलं की समोरच्याचे दोष मोजण्याआधी आपण कशापुढे डोकं टेकतोय ते बघावं. पटत नसेल तर बोला.

पारसिकचा_बोगदा
‘मूर्ती’ शब्दालाच आक्षेप. दोष तुमचे, नाव आमच्या देव्हाऱ्याचं? अहंकार म्हणा, लोभ म्हणा, षड्रिपू आहेतच की. आमचा गणपती आम्ही दीड दिवसाने स्वतः पाण्यात सोडतो. माती आहे हे आम्हाला ठाऊक असतं. तुमची फाईल वर्षभर कोरडीच!

कोपरखैरणेकर
@पारसिकचा_बोगदा विसर्जनाचं लागलं, मान्य. पण कलस्सैकरांस पत्रात (३:५) लोभालाच मूर्तिपूजा म्हटलंय, आणि ते पत्र विश्वासणाऱ्यांना लिहिलेलं आहे. बोट घरच्यांकडेच आहे. सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्विन तर माणसाच्या मनाला मूर्तींचा कारखाना म्हणाला. तो काही तुमच्या देव्हाऱ्याबद्दल बोलत नव्हता.

घणसोलीची_मी
मीही ख्रिस्ती आहे, आणि हीच भाषा माझ्यावर वापरली गेली आहे. नवरा हात उचलायचा. प्रार्थनागटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी चहाचा कप हातात देत सांगितलं, “बेटा, तू स्वाभिमानाची मूर्ती केलीयेस, ती खाली ठेव.” कपाला तडा गेलेला होता, इतकं आठवतं. मी ऐकलं आणि आणखी दोन वर्षं राहिले. मनातली मूर्ती शोधायला नेहमी मार खाणाऱ्यालाच का बसवतात? दादा, तुमच्या घरात तुमच्या हातात फाईल होती, मोठेपण होतं. तुम्ही खाली ठेवलंत ते बरोबर. पण त्याचा नियम करू नका.

तलावपाळी
@घणसोलीची_मी त्या बाई चुकल्या, सरळ चुकल्या. मत्तय ५:२३-२४ नीट वाचा. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला जर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा. जायचंय ते ज्याने दुखावलंय त्याने. आणि क्षमा केली म्हणजे त्याच घरात परत राहायला जायचं, असं कुठेही लिहिलेलं नाही. आपल्याकडे या दोन गोष्टींची सर्रास भेसळ होते, त्यात आम्ही चर्चमध्ये मदत करणारेही आलो.

नास्तिक_नेरुळकर
भावाला फोन करायला देव कशाला लागतो? रिचार्ज पुरतो.

जुनी_पानं
श्रद्धेने नाती जुळतात हे इतकं सरळ नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कैक वर्षं वेगळ्या राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, तोही स्वतःच्या विचाराने. येशू स्वतःच म्हणतो (मत्तय १०:३४) की मी शांतता नव्हे, तलवार आणायला आलो. त्याचं काय?

तलावपाळी
@जुनी_पानं तलवार आहेच. पण वन-रूम-किचनसाठी नाही.

कायद्याचं_बोला
रुक्ष मुद्दा. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. विधवा आई मृत्युपत्र न करता गेली तर मुलांना सारखा वाटा. सेवा कोणी केली याने तो वाढत नाही. म्हणजे सोडलंत काय? जे तुमचं नव्हतंच ते. बायबलमधल्या जक्कया या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं होतं (लूक १९). तुम्ही फोन केलात.

कोपरखैरणेकर
@कायद्याचं_बोला हे रात्रभर डोक्यात होतं. खरंय, फोन स्वस्तात पडला. @घणसोलीची_मी, ‘समोरच्याचे दोष मोजण्याआधी’ हे मी सरसकट लिहायला नको होतं. माझ्यापुरतं होतं ते.

घर निम्मं-निम्मं करायचं असं काल त्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं: “रविवारी येतो. फाईल काढून ठेव, आईचा निम्मा खर्च माझा.” मला पैसे नको होते, त्याने विचारायला हवं होतं. आता विचारलंय तर मी बिलं पुन्हा तारखेने लावायला बसलोय.

घणसोलीची_मी
घ्या पैसे. झेरॉक्स तेवढ्या दाखवू नका.