पिंजरा, टाकी, खोकं: पाळलेल्या पक्ष्या-प्राण्यांचे तुमचे अनुभव

सदाफुली (धागाकर्ती)
आमच्या सोसायटीत एकांच्या गॅलरीत पोपट आहे. त्यावरून ग्रुपवर कडाक्याचं भांडण झालं. एक गट म्हणे आजच्या आज सोडा, दुसरा म्हणे मग तुमचा कुत्रा साखळीला कसा चालतो? अनुभव कुणाकडेच नव्हता, मतं मात्र पोतंभर. म्हणून इथे उलटं करूया. ज्यांनी पाळलंय, उपचार केलेत, सोडवून आणलंय, त्यांनी आधी लिहा. भांडायला आयुष्य पडलंय.

कऱ्हाकाठ
आमच्या वाड्यात आजोबांचा राघू होता. उन्हाळ्याच्या तोंडाला गावातली पोरं उंबराच्या ढोलीत हात घालून पिल्लं काढायची आणि घरोघर विकायची. एखादं हातातच मरायचं, त्याचं कुणाला काही वाटत नसे. आमचा जगला. हरभऱ्याची डाळ, पेरू, हिरवी मिरची, लाडाला तोटा नव्हता. पाहुणे आले की 'विठ्ठल विठ्ठल' म्हणून दाखवायचा. दिवस मावळताना पोपटांचे थवे कलकलाट करत वाड्यावरून जायचे, तेव्हा हा तारांना लटकून घसा फाटेपर्यंत ओरडायचा. आम्ही म्हणायचो, "बघा, कसा खुशीत आलाय!"

डॉक्टरीणबाई
मी पशुवैद्य आहे, पक्षी बरेच बघते. क्रूर माणूस माझ्याकडे येतच नाही, येतात ते जीव लावणारेच. तरी पक्ष्यांची अवस्था बघवत नाही. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलेल्या पोपटाच्या यकृतात चरबी साठते, अ जीवनसत्त्व कमी पडतं, मग श्वासाचे आजार. सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या असतात, त्यामुळे तळव्यांना फोड येतात. स्वतःची पिसं उपटून छाती उघडी केलेले पक्षी आणतात आणि मलम मागतात. कधी त्वचेचा रोग निघतोही, पण खूपदा कारण एकटेपणाचं आणि रिकाम्या वेळाचं असतं. थव्याने राहणारा जीव दिवसभर बंद फ्लॅटमध्ये एकटा. यावर काय मलम देऊ? फार तापलेल्या नॉन-स्टिक तव्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो, हे तर मालकांना मी सांगेपर्यंत माहीतच नसतं. आणि पक्षी आजार लपवतो. जंगलात अशक्त दिसला तर शिकार होईल, म्हणून ती सवयच असते. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला की लोक धावत येतात, तोवर बहुतेकदा फार उशीर झालेला असतो.

बजरीवाला
आता मला शिव्या खायच्या आहेत. मी बजरीगर, म्हणजे ते छोटे रंगीत पोपट, पाळतो आणि पाळत राहणार. गच्चीवर माणूस उभा राहील एवढी जाळीची खोली केलीय, त्यात थवाच आहे, उडायला लांबी आहे. हे पक्षी ऑस्ट्रेलियातले, पण माझ्याकडचे पिढ्यान्‌पिढ्या इथेच पिंजऱ्यात जन्मलेले. दार उघडलं तर संध्याकाळपर्यंत कावळा नाहीतर मांजर घेऊन जाईल. फूटभर पिंजऱ्यात जोडी कोंबून वाढदिवसाची भेट म्हणून देणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका.

पर्थवासी
@बजरीवाला, शिव्या नाही देत, बघितलेलं सांगते. इथे ऑस्ट्रेलियात आतल्या कोरड्या भागात पाऊस झाल्यावर बजरीगरांचे हजारोंचे थवे येतात, वळताना आकाशाचा एक तुकडाच हिरवा होतो. ते बघितल्यापासून मला गच्चीवरची खोलीही छोटीच वाटते. गंमत म्हणजे इथेही घराघरांत ते पिंजऱ्यात आहेतच.

रानवाट
सुटकेच्या कामात स्वयंसेवक आहे. दोन गोष्टी कायम एकत्र कालवल्या जातात. बजरीगर, कॉकटेल (तुरेवाला कॉकटिएल पोपट) हे परदेशी. आपला हिरवा राघू मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तो अनुसूची २ मध्ये आहे. बाळगणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. 'आम्ही विकत घेतलाय' हा बचाव होत नाही, उलट कबुली होते. परदेशी पक्ष्यालाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे नीट हालचाल करता येईल एवढी जागा द्यावीच लागते.

@सदाफुली, तुमच्या शेजाऱ्यांना 'खिडकी उघडा' असं मात्र सांगू नका. पंख कापलेला, माणसाच्या हातून खाल्लेला पोपट बाहेर काय खायचं हे शिकलेला नसतो, थवा त्याला सामावून घेईलच असंही नाही. आधी पिसं पुन्हा यायला हवीत, मग मोठ्या जाळीत उडायचा सराव, इतर पोपटांची सोबत. काहींना शेवटपर्यंत केंद्रातच ठेवावं लागतं. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे बोला. पुण्य-मोक्षासाठी पक्षी विकत घेऊन सोडणारे तर विक्रेत्याला फक्त पुढची ऑर्डर देतात.

उंबरठा
पोपट राहू द्या, कासवांचं बोला. वास्तूसाठी नाण्याएवढं पिल्लू आणतात, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं. ते अमेरिकेतलं. वाढून ताटाएवढं होतं, काही दशकं जगतं, टाकीला वास सुटतो. मग वास्तुदोष परवडला म्हणून टाकी तळ्यात रिकामी. तिथे ते आपल्या कासवांच्या अन्नावर आणि उन्हात बसायच्या जागांवर हक्क सांगतं. चांदणी कासव आणलंत तर वेगळीच भानगड, ते त्याच वन्यजीव कायद्याच्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूची १ मध्ये आहे.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात शेजाऱ्याने फायटर मासा चहाच्या कपाएवढ्या भांड्यात ठेवलाय. "तो वरची हवा घेतो, त्याला चालतं," म्हणतो. हवा घेतो हे खरं. चालतं हे कुणी विचारलं त्याला?

झुणका_भाकर
आमचा अनुभव जरा हलका आहे. आठवडी बाजारात खोक्यात गुलाबी, हिरवी रंगवलेली कोंबडीची पिल्लं मिळतात, पोराने हट्ट करून एक गुलाबी घेतलं. नंतर कळलं की अंड्यांच्या जातीतले नर हॅचरीला नको असतात, तेच स्वस्तात बाहेर पडतात. बहुतेक पिल्लं मरतात, आमचं हट्टी निघालं. रंग उडाला, तुरा आला आणि पहाटे चौथ्या मजल्यावरून बांग सुरू झाली. खालच्यांनी सेक्रेटरीकडे तक्रार केली. शेवटी गावाला मावशीच्या परसात सोडून आलो. पोराने मावशीला बजावलंय, याचा रस्सा करायचा नाही. मावशीने अजून शब्द दिलेला नाही.