८ जीबी की १६ जीबी?

मॉनिटर १०८०पी आहे, मग ८ जीबी मेमरीचं स्वस्त ग्राफिक्स कार्ड पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. नुसतं ऑनलाइन शूटर खेळणार असाल तर बिनधास्त घ्या. मोठे नवे गेम खेळायचे असतील तर मात्र मी थांबायला सांगेन.

आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही कार्डं एकाच नावाने ८ आणि १६ जीबीत मिळतात. चिप तीच, त्यामुळे साध्या गेममध्ये फरक जाणवतही नाही. पण टेक्श्चर (पृष्ठभागांचा पोत) अल्ट्रावर, म्हणजे सर्वोच्च सेटिंगवर नेलं की ८ जीबी भरते आणि उरलेला डेटा पीसीआय एक्सप्रेसमधून, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधल्या जोडणीतून, कॉम्प्युटरच्या साध्या रॅमकडे ये-जा करतो. गंमत म्हणजे सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तेव्हाही बरा दिसू शकतो. गेममध्ये मान वळवली की चित्र अर्धा क्षण अडकतं, भिंतीवरचा पोत आधी चिखलासारखा दिसतो, मग सावकाश उमटतो. त्यामुळे रिव्ह्यूत '१% लो', म्हणजे सर्वांत संथ १% फ्रेमच्या वेळचा एफपीएस, आधी बघा.

तुमचा मदरबोर्ड जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आहे म्हणालात, इथे खरी मेख आहे. ५०६० टीआय आठच लेन (त्या जोडणीतल्या डेटाच्या मार्गिका) वापरतं, म्हणजे जुन्या बोर्डावर ती वाट आणखी अरुंद. ९०६० एक्सटीला सोळा लेन आहेत. तुमच्या जागी मी त्याचंच १६ जीबीवालं घेतलं असतं.

आणि हो, कार्ड मावेल का ते कॅबिनेटमध्ये टेप लावून आधी मोजा. मी मोजलं नव्हतं, हार्डडिस्कचा पिंजरा कापावा लागला!