पित्ताशय काढायचंय? मग सरसकट अँटिबायोटिक!

पित्तखवळे: 'सरळहात' काल लिहितात, "दुर्बिणीने पित्ताशय काढताना सगळ्यांना अँटिबायोटिक सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन, वर घरी जाताना पाच दिवसांच्या गोळ्या. आजवर एकाचीही जखम चिघळलेली नाही." अहो, ठरवून केलेली साधी लॅप कोली (दुर्बिणीने पित्ताशय काढणं), सूज नाही, ताप नाही, कावीळ नाही; अशा पेशंटला एक डोससुद्धा लागत नाही, हे अमेरिकी संघटनांच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. द्यायचंच तर चीर देण्याआधी तासाभरात सेफाझोलिन 2 ग्रॅम, विषय संपला. पुढच्या गोळ्या पेशंटसाठी की तुमच्या झोपेसाठी? त्यात सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन स्वतःच पित्तात गाळ धरतं, हा विनोद वेगळाच.

सरळहात: माझ्या झोपेची काळजी नको. सोनोग्राफीत 'साधी' दिसलेली पिशवी आत गेल्यावर चिकटलेली निघते, काढताना फुटते, खडे पोटभर. तेव्हा तुमच्या सूचना येणार का पोट धुवायला? आणि 2014 ची जपानी चाचणी सोयीने गाळलीत. हजारावर पेशंट, सगळे ठरवून केलेले. अँटिबायोटिक दिलेल्यांत संसर्ग 1.2 टक्के, न दिलेल्यांत 6.7.

पित्तखवळे: त्यात पाच दिवसांच्या गोळ्या कुठे होत्या? त्याच वर्षीची फ्रेंच चाचणी घ्या. सुजलेली पित्ताशयं, 414 पेशंट, ऑपरेशननंतर पाच दिवस अ‍ॅमॉक्सि-क्लॅव्ह विरुद्ध काहीच नाही. संसर्ग 15 टक्के आणि 17 टक्के. सुजलेल्यांतही फरक नाही, तुम्ही न सुजलेल्यांना वाटताय.

भूलथापा: द्या-नका देऊ यावर भांडताय, पण डोस कधी जातो ते बघा. वॉर्डात सिस्टर टोचून पाठवतात, आधीची केस लांबते, पेशंट बाहेर ताटकळतो. सेफाझोलिन दोन तासांच्या आत निम्मं उतरतं. मी ते भूल देतानाच देते, त्यावरून सर्जनची बोलणी खाते.

ठकू: गोळ्यांचं राहू द्या. आईच्या बेंबीजवळच्या छिद्रातून ऑपरेशननंतर कित्येक आठवड्यांनी पू यायला लागला. एकामागून एक अँटिबायोटिक बदलली. शेवटी निघाला टीबीच्या भावकीतला जंतू! क्लॅरिथ्रोमायसिन महिनोन्‌महिने, शिवाय पुवाची ती वाट कापून काढावी लागली. उपकरणं ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात वीस मिनिटं बुडवून पुढच्या पेशंटला वापरत होते. अशा जंतूला तुमचं सेफाझोलिन काय करणार?

सरळहात: म्हणजे आता आम्ही घाणेरडे? वीस मिनिटं सगळीकडेच ठेवतात.

ठकू: सगळीकडे ठेवतात म्हणून बरोबर? वीस मिनिटांत बीजाणू (जंतूंची चिवट, सुप्त रूपं) मरत नाहीत, त्याला दहा तास लागतात. आणि बाहेर काढून नळाच्या पाण्याने धुतलं की केलेलं सगळं मातीमोल.

भूलथापा: ताईंचं खरं आहे. दिवसाला पाच केस आणि उपकरणांचे सेट दोन, मग दहा तास आणणार कुठून?

सरळहात: बरं, महाराज, गोळ्या बंद. झालं समाधान? इंजेक्शन मात्र देणारच. डायबेटिसवाल्याला, सत्तरी उलटलेल्याला न देता दाखवा.

पित्तखवळे: त्यांना द्या असं त्याच सूचनांत लिहिलंय. वाचायचं कष्ट घेतलं असतंत तर.

ठकू: माझा प्रश्न दोघांनीही टाळला. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं) की बुडवणी?

सरळहात: आमची दुर्बीण ऑटोक्लेव्हची नाही, खराब होते.

ठकू: मग तिला ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा प्लाझ्मा, कमी तापमानात निर्जंतुक करणारे. आणि छिद्रातून पोटात घालायचा नळीसारखा ट्रोकार? तो तर धातूचाच असतो ना?