स्थानिकांना आणि रिसायकल्ड मालाला झुकतं माप: नगर प्रशासनाच्या खरेदी नियमात हे कलम कसं लिहावं?

समिती सदस्य (प्रश्न)

नमस्कार. आमच्या नगर प्रशासनाने खरेदीचे नियम नव्याने लिहायला घेतलेत आणि त्या समितीवर नागरिकांच्या बाजूने मी आहे. पेशाने शिक्षिका. तुलनात्मक तक्ता, म्हणजे सगळ्या निविदांचे दर शेजारी-शेजारी मांडलेला कागद, गेल्या महिन्यात पहिल्यांदा हातात धरला.

मसुद्यात दोन वाक्यं आहेत. "स्थानिक निविदाधारकास 5 टक्के प्राधान्य देण्यात यावे" आणि "रिसायकल्ड वस्तूंस 5 टक्के प्राधान्य देण्यात यावे." बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही दोन्ही मनापासून पटतात. पण घरी येऊन पुन्हा वाचलं आणि अडले. 5 टक्के कशाचे? स्थानिक कोणाला म्हणायचं? दोन्ही गोष्टी एकाच निविदेत आल्या तर बेरीज करायची का? पंधरा दिवसांत लेखी सूचना द्यायच्या आहेत. ज्यांनी हे टेबल सांभाळलंय किंवा ज्यांनी निविदा भरल्यात त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

जुना भांडारपाल

ताई, मी 27 वर्षं भांडार आणि खरेदी शाखेत काढली. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. लांबेल, पण वाचा.

आधी 5 टक्क्यांचं. हे प्राधान्य तुलनेपुरतं असतं, पैसे देताना नसतं, आणि ते नियमात स्वच्छ लिहिलं नाही तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. समजा बाहेरच्याने 100 चा दर भरला, स्थानिकाने 104 चा. तक्त्यात स्थानिकाच्या दरातून 5 टक्के वजा धरायचे, म्हणजे 98.8. तो सर्वात कमी ठरला, काम त्याला. पण देयक निघणार 104 चंच. वरचे 4 शहराच्या तिजोरीतून गेले. हे 4 आपण जाणूनबुजून देतोय हे सभागृहाला आणि लोकांना माहीत हवं. त्याने 106 भरले असते तर 100.7 होऊन काम गेलं असतं. आता दोन्ही प्राधान्यं एकत्र करा. 10 टक्के झाले की 110 चा दर 99 दिसतो आणि जिंकतो. म्हणून बेरीज करायची नाही आणि एका खरेदीत जास्तीत जास्त किती जादा द्यायचं त्याला आकड्यात मर्यादा घालायची, हे कलमातच हवं.

दुसरी पद्धतही आहे. ठरलेल्या पट्ट्यात दर असलेल्या स्थानिकाला सर्वात कमी दराशी बरोबरी करायची संधी द्यायची. भारतात केंद्र सरकारच्या 2012 च्या सूक्ष्म व लघुउद्योग खरेदी धोरणात हेच आहे. सर्वात कमी दराच्या 15 टक्के वरपर्यंत असलेल्या लघुउद्योगाला तो दर मान्य असेल तर मागणीचा वाटा मिळतो. शहराला जादा काही द्यावं लागत नाही. माझा कल या पद्धतीकडे आहे.

पण ताई, माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. तुमच्या मसुद्याने दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एका मापाने मोजल्यात. स्थानिक असणं हा निविदाधारकाचा गुण. रिसायकल्ड असणं हा मालाचा गुण. मालाचा गुण टक्क्यांच्या सवलतीत कशाला घालता? तो तांत्रिक तपशिलातच घाला. "छपाई व झेरॉक्सचा कागद, किमान 30 टक्के तंतू वापरून टाकलेल्या कागदापासूनचे" असं लिहिलं की सगळेच तोच माल घेऊन येतात आणि दराची स्पर्धा जशीच्या तशी राहते. अमेरिकेत अध्यक्ष क्लिंटन यांनी 1993 साली काढलेल्या आदेशाची रीत हीच होती. केंद्रीय कार्यालयांच्या कागदात वापरून टाकलेल्या कागदाचे तंतू 1994 अखेरपासून किमान 20 टक्के आणि 1998 अखेरपासून 30 टक्के. दरात सूट नाही, मालाचीच अट. त्यांच्या 1976 च्या मूळ कायद्यात पळवाट नाही पण दार आहे: माल वाजवी वेळेत मिळत नसेल, कामाला उतरत नसेल किंवा दर अवाजवी असेल तर कारण नोंदवून साधा घेता येतो. ते दारही तुमच्या कलमात ठेवा, फक्त कारण लेखी हवं.

"वापरून टाकलेला" हे शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिले. कारखान्यात कागद कापताना निघालेली कात्रणं त्याच कारखान्यात पुन्हा लगद्यात जातात. ते पूर्वीपासून होत आलंय, कोणी टाकून देत नाही. आयएसओ 14021 या मानकातही त्याच प्रक्रियेत परत जाणारं भंगार रिसायकल्ड धरत नाहीत. तुम्ही नुसतं "रिसायकल्ड" लिहिलंत तर त्या कात्रणांचं प्रमाणपत्र लावून माल येईल आणि लोकांच्या घरातली रद्दी तशीच पडून राहील. ज्या रद्दीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून हा नियम करताय, तिचाच फायदा होणार नाही.

तक्रारी येतील, त्याचीही तयारी ठेवा. आमच्याकडे पहिली खेप आली आणि आठवड्यात तीन विभागांची पत्रं आली: कागद मशीनमध्ये अडकतो, परत घ्या. मी पत्रं फाईलला लावली नाहीत, उठून मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. पावसाळी दिवस. रीमचं वेष्टण आदल्या दिवशी फाडलेलं आणि गठ्ठा उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर. वरचे शंभरेक कागद कडेने पन्हळीसारखे वळलेले. शेजारी नव्या लगद्याच्या कागदाची फोडलेली रीम होती, तिचीही तीच गत. तीही लावून बघितली, तीही अडकली. दोष दमटपणाचा होता. मग मी दोन्ही प्रकारचे कागद वेष्टण बदलून चार मशीनना दिले. कुठल्या गठ्ठ्यात काय ते फक्त माझ्या वहीत. महिनाभर अडकलेल्या कागदांची नोंद ठेवली. शेवटी मशीन चालवणाऱ्यांना विचारलं, यातला रिसायकल्ड कोणता? चौघांनाही सांगता आलं नाही. तो महिनाभराचा तक्ता मी तिन्ही विभागांना पाठवला आणि पत्रं थांबली. तुम्हीही आधी अशी चाचणी करा, आदेश नंतर काढा.

आता स्थानिक. आमच्या नियमात "शहरात नोंदणीकृत कार्यालय असलेला" एवढंच होतं. दोन वर्षांत शहरात पाट्या वाढल्या. एका पुरवठादाराच्या पत्त्यावर मी स्वतः गेलो. जिन्याखालची खोली, दाराला कुलूप, वर कोरी करकरीत पाटी. दाराखालून सरकवलेली पाकिटं आत साठलेली दिसत होती, त्यात आमच्याच कार्यालयाचं एक, शिक्क्यावरून चार महिने जुनं. त्याच शहरात ज्याच्या शेडमध्ये अठरा माणसं बाकं जोडत होती तो त्या निविदेत हरला होता. तो दिवस मला अजून सलतो, कारण त्या तक्त्यावर सही माझीच होती.

म्हणून पत्ता विचारू नका, काम कुठे होतं ते विचारा. माणसं किती, कुठे राबतात, माल कुठे बनतो. नुसता बाहेरून आणून पुढे ढकलणारा स्थानिक व्यापारी आणि इथे बनवणारा स्थानिक कारखानदार यांतही फरक करा.

छपाईवाली

मी छोटा छापखाना चालवते, नगर कार्यालयाच्या निविदा भरल्यात. काकांचं बहुतेक पटलं, एक पटलं नाही.

दराशी बरोबरी करायची संधी ही शहराच्या सोयीची आहे, आमच्या नाही. बाहेरचा मोठा छापखाना कागद गाडीने घेतो, मी गठ्ठ्याने. त्याचा 100 चा दर त्याला परवडतो. मला तो दर मान्य करायला लावणं म्हणजे माझी मजुरी सोडून दे म्हणणं. एकदा मी मान्य केला होता. काम केलं, आणि वर्षअखेर हिशेब मांडला तर त्या कामाने दोन कामगारांचे पगारही सुटले नव्हते. त्यापेक्षा 5 टक्के उघडपणे द्या.

आणि खरं सांगू का, या 5 टक्क्यांनी फारसं काही झालं नसतं. माझ्यासारखीला निविदेत आतच येता येत नाही. गेल्या तीन वर्षांची उलाढाल कामाच्या तिप्पट दाखवा, बयाणा रक्कम भरा, काम मिळाल्यावर सुरक्षा ठेव अडकवा. वर्षभराची सगळी छपाई एकाच निविदेत: पावतीपुस्तकं, नकाशे, फलक, वार्षिक अहवाल. फलकाचं मशीन माझ्याकडे नाही, म्हणून पावतीपुस्तकंही गेली, जी मी डोळे मिटून करते. आणि देयक? माझं एक देयक पाच महिने एका टेबलावर होतं. कागदवाल्याचे पैसे मी तीस दिवसांत दिले होते. ताई, मसुद्यात प्राधान्याच्या कलमाआधी "देयक 30 दिवसांत" हे कलम घाला. छोट्या माणसाला याहून मोठं प्राधान्य नाही.

निविदा वकील

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण एकच वाक्य एका देशात चालतं आणि दुसऱ्यात रद्द होतं.

युरोपीय संघात नगरपालिकेला "आमच्या गावचा" म्हणून झुकतं माप देता येत नाही. पर्यावरणाच्या अटी मात्र चालतात, त्या कामाशी निगडित असतील, आधी जाहीर केलेल्या असतील आणि सगळ्यांना सारख्या असतील तर. हेलसिंकीने बससेवेच्या निविदेत कमी धूर आणि कमी आवाजाला जादा गुण दिले होते. हरलेली कंपनी न्यायालयात गेली. तिचं म्हणणं, हे गुण शहराच्या स्वतःच्याच बससेवेला मिळण्यासारखे होते. 2002 साली युरोपीय न्यायालयाने सांगितलं की अट पुरी करणारे थोडेच आहेत, एवढ्यावरून ती भेदभावाची ठरत नाही. काकांनी जे सांगितलं, मालाचा गुण तपशिलात घाला, ते म्हणूनच जास्त टिकाऊ आहे.

अमेरिकेत बॉस्टनच्या महापौरांनी शहराच्या पैशाने होणाऱ्या बांधकामांवर निम्मे कामगार शहरातले असावेत असा आदेश काढला. शहर इथे स्वतः गिऱ्हाईक आहे, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली तो उचलून धरला. पुढच्याच वर्षी कॅम्डेन शहराचा तसाच 40 टक्क्यांचा नियम मात्र राज्यघटनेच्या वेगळ्याच कलमाखाली अडकला. तेव्हा तुमच्या नगर प्रशासनावर बंधनकारक असलेल्या राज्याच्या किंवा देशाच्या कायद्यात स्थानिक प्राधान्याला जागा आहे का, हे विधी शाखेकडून लेखी घ्या.

आणि छपाईवाल्या ताईंच्या मुद्द्याला पुष्टी देणारं उदाहरण इंग्लंडमधल्या प्रेस्टनचं. तिथल्या मोठ्या सार्वजनिक संस्थांनी आधी आपला पैसा जातो कुठे ते बसून मोजलं. 2012-13 साली त्यांच्या खरेदीतला 5 टक्केच शहरात राहत होता. 2016-17 पर्यंत तो 18.2 टक्क्यांवर गेला, म्हणजे 3 कोटी 80 लाख पौंडांवरून 11 कोटी 10 लाखांवर. त्या वेळी तिथे युरोपीय नियमच लागू होते, त्यामुळे टक्क्यांची सवलत देताच येत नव्हती. त्यांनी निविदांचे तुकडे केले. शाळांच्या जेवणाचं एकच मोठं कंत्राट तोडून दही, अंडी, चीज, दूध असं वेगवेगळं मागवलं आणि तिथल्याच शेतकऱ्यांचा माल घेणारे पुरवठादार त्यात येऊ शकले.

समिती सदस्य

तिघांचेही मनापासून आभार. रात्री बसून हे लिहिलंय: "रिसायकल्ड घटकाचे किमान प्रमाण वस्तूनिहाय तांत्रिक तपशिलात नमूद करावे, ते वापरून टाकलेल्या मालापासूनचे असावे. निविदा शक्य तितक्या छोट्या भागांत काढाव्यात; एकत्र काढल्यास कारण नोंदवावे. देयक 30 दिवसांत अदा करावे. ज्याचे कार्यालय किंवा कामाची जागा शहरात आहे अशा निविदाधारकास तुलनेपुरते 5 टक्के प्राधान्य द्यावे. जादा खर्चाची मर्यादा अंदाजपत्रकात ठरवावी." दराशी बरोबरीची पद्धत मी सोडली. काका, रागावू नका.

जुना भांडारपाल

रागावतो कशाला. छपाईवाल्या ताईंनी वर्षअखेरचा हिशेब सांगितला, तो माझ्या तक्त्यात कधी दिसलाच नव्हता. माझं मत बदललं, 5 टक्के उघड राहू द्या.

फक्त शेवटून दुसऱ्या ओळीतला "किंवा" आजच काढा. "कार्यालय किंवा कामाची जागा" म्हटलंत की ती जिन्याखालची खोली पुन्हा पात्र झाली. "किमान एक वर्षापासून चालू असलेली कामाची जागा" एवढंच ठेवा. पुराव्याला त्या जागेची बारा महिन्यांची वीजबिलं आणि कामगारांची हजेरी मागा. आणि तक्त्यात एक रकाना वाढवा: जागा कोणी पाहिली, कोणत्या तारखेला, सही.