मूळव्याध समजून गेलेले महिने : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान आपल्या घरी कसे झाले?

धागा काढणारा, यावल तालुका :
वडिलांना ६४व्या वर्षी गुदाशयाचा (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा) कर्करोग असल्याचे कळले, तेव्हा शौचावाटे रक्त जाऊ लागून आठ महिने लोटले होते. आपल्याकडे उन्हाळ्यात रक्त दिसले की ‘उष्णता’ आणि एरवी ‘मूळव्याध’, अशी दोन उत्तरे घरात तयारच असतात. आम्हीही ताक, सब्जा आणि मलम यांवर ते महिने काढले आणि शेवभाजी बंद केली, जणू सगळा गुन्हा तिचाच होता. अखेर एका शल्यचिकित्सकांनी हातमोजा घालून बोटाने तपासले आणि मिनिटभरात कडक गाठ लागल्याचे सांगितले. त्याआधी दोन ठिकाणी दाखवले होते, तेथे असे कोणी तपासले नव्हते. वडिलांनी लाजेपोटी तपासू दिले असते का, हाही प्रश्नच आहे. पहिले लक्षण आणि दुर्बिणीची तपासणी यांच्यामध्ये किती काळ गेला व कशात गेला, हे कृपया सविस्तर लिहावे.

शिरपूर :
आईच्या बाबतीत रक्त कधी दिसलेच नाही. शेतातून आली की ती ओट्यावरच बसून राहायची. हिमोग्लोबिन ६.८ निघाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतोच, त्यामुळे तीही खूण हातची गेली. रक्त चढवूनही आकडा पुन्हा घसरला, तेव्हा एका डॉक्टरांनी विचारले, “पाळी जाऊन बारा वर्षे झालेल्या बाईचे रक्त जाते तरी कुठे?” कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ सापडली. त्या भागात आतडे रुंद आणि मल पातळ असतो, म्हणून गाठ बरीच वाढेपर्यंत अडथळा जाणवत नाही आणि थोडे थोडे झिरपणारे रक्त मलात मिसळून जाते, असे आम्हाला नंतर समजावण्यात आले. तिची सीईए ही रक्ततपासणी (या कर्करोगात वाढू शकणाऱ्या एका प्रथिनाची) नॉर्मल होती. ‘रक्ताचीच एखादी टेस्ट करून मोकळे व्हा’ असे सुचवणाऱ्या नातेवाइकांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. निदान दुर्बिणीने आणि गाठीच्या काढलेल्या तुकड्याच्या तपासणीनेच झाले.

भुसावळ :
माझा अनुभव कर्करोगाच्या आधीच्या पायरीचा आहे. भावाला ४७व्या वर्षी हा आजार निघाला. सख्ख्या भावंडांनी वयाच्या ४०व्या वर्षी, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा तपासणी सुरू करावी, असे त्याच्या डॉक्टरांनी सांगितले. मी तेव्हा ४१ वर्षांची होते, म्हणजे हिशेबाने चार वर्षे उशीरच झाला होता. त्रास काहीही नव्हता, तरी १२ मिलिमीटरचा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला कोंब, सापडला. फोटोत तो देठ असलेल्या अळंबीसारखा दिसतो. तारेच्या फासाने तो त्याच वेळी काढला आणि अहवालात ‘ॲडेनोमा’, म्हणजे अजून कर्करोग नसलेली गाठ, असे आले. अस्तराच्या पेशींत जनुकीय बिघाड साठत गेले तर अशा कोंबाचा कर्करोग होऊ शकतो. सगळ्यांचा होत नाही, आणि ज्यांचा होतो त्यांनाही बहुधा दहाएक वर्षे लागतात. मला तीन वर्षांनी पुन्हा बोलावले आहे.

अमळनेर :
एक व्यावहारिक गोष्ट. तपासणीच्या आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ घेण्यास सांगितले असताना मी दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर जिकडे तिकडे वांग्याच्या बिया! तपासणी अर्धवट थांबली आणि आतडे साफ करणारे ते औषधी पाणी पुन्हा प्यावे लागले.

धुळे :
मी ३२ वर्षांचा आहे. शौचाला जाऊन आल्यावरही पोट साफ झाले नाही असे वाटायचे, दिवसातून पाच-सहा वेळा जावे लागायचे आणि मल पेन्सिलीसारखा बारीक होऊ लागला होता. वयाकडे पाहून सर्वांनी चिंता, जागरण, बाहेरचे खाणे अशी कारणे दिली, आणि मलाही तीच हवी होती. तुकड्याचा अहवाल आल्यावर ओटीपोटाचा एमआरआय व छाती-पोटाचा सीटी स्कॅन झाला. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आहे आणि यकृत-फुप्फुसांपर्यंत काही पोचले आहे का, हे त्यांवरून ठरते. माझी गाठ भिंतीपलीकडे गेलेली असल्याने शस्त्रक्रियेआधी किरणोपचार द्यायचे ठरले. सध्या त्यासाठीच नाशिकला खोली घेऊन राहतो आहे. धाकट्या बहिणीची कोलोनोस्कोपी पुढच्या सोमवारी आहे. तिला वांग्याच्या बियांचा किस्सा आताच वाचून दाखवला.