मदत हवी आहे: बीटावर नवा कर्नल आला आणि ग्राफिक्स ड्रायव्हर गेला

नमस्कार मंडळी,

घरच्या पीसीवर लिनक्सची बीटा आवृत्ती आहे, डेस्कटॉप ग्नोम, तोही वेलँड या डिस्प्ले व्यवस्थेवर. परवाच्या अपडेटमध्ये नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) आला आणि तेव्हापासून रेझोल्यूशन एकाच जागी अडकलंय, दुसरा मॉनिटर ओळखतच नाही. रेंडरर म्हणून एलएलव्हीएमपाइप दिसतो, म्हणजे सगळं चित्र प्रोसेसरच्या जिवावर. साधी खिडकी सरकवली तरी पंखा बोंबलतो.

ग्रब या बूट मेनूमधून जुना कर्नल निवडला की सगळं सुरळीत, त्यामुळे कार्ड ठीक आहे. डीकेएमएसच्या (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल बनवणारी यंत्रणा) स्टेटसमध्ये जुन्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' आहे, नव्यासाठी मॉड्यूल बनलेलंच नाही. मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स, म्हणजे हेडर्स, आहेत. सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल अडवणारी सोय) बंद आहे, तेव्हा सहीचा प्रश्न नाही. मॉड्यूल बनवतानाच्या मेक लॉगमध्ये एका फंक्शनला आर्ग्युमेंट्स कमी पडतात अशी एरर येते. कर्नलची आतली रचना बदलली आणि ड्रायव्हर मागे राहिला, असा माझा अंदाज. बरोबर आहे का?

आता प्रश्न. जुना कर्नल पुढच्या साफसफाईत उडू नये म्हणून नेमकं काय होल्ड करायचं, फक्त इमेज की हेडर्सही? आणि तोवर नूव्हो (एनव्हिडिया कार्डांचा मुक्त ड्रायव्हर) वापरायचं तर मॉडप्रोबच्या सेटिंगमधली त्याला अडवणारी ब्लॅकलिस्ट काढून इनिटरामएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) पुन्हा बनवणं पुरेसं आहे का?

आमच्या परळच्या मंडळाचा देखावा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये अर्धवट पडलाय. लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलं तर "विंडोज टाका" म्हणाले. तो सल्ला मिळालेला आहे, दुसरा द्या. पूर्ण लॉग हवा असेल तर टाकतो.