चकली-लोणच्याचे पार्सल
पार्सलने पाठवलेल्या चकल्यांचा चुरा झाला आणि लोणच्याचे तेल खोकाभर पसरले, अशी तक्रार असेल तर हे करून बघा. चकल्या मोडतात त्या डब्यात हलल्यामुळे. पूर्ण गार झाल्यावर कडक डब्यात चवड रचा, उरलेली जागा टिश्यूच्या बोळ्यांनी गच्च भरा. डबा कानाशी हलवला तर खडखड यायलाच नको. लोणच्याला काचेची बरणी नकोच, प्लास्टिकची घ्या. वर दोन बोटे जागा ठेवा, तोंडावर प्लास्टिकचा कागद, मग झाकण, त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे आणि एकात एक दोन झिपच्या पिशव्या. प्रवासातल्या हादऱ्यांनी झाकण सैल होते, म्हणून एवढे. पाच पदरी (पुठ्ठ्याचे पाच थर असलेल्या) खोक्यात सगळ्या बाजूंनी ५ सेंमी कागदी बोळे हवेत. पत्त्याची चिठ्ठी आतही टाका.